डाव्या बाजूच्या मोहऱ्या

माझ्या सासूला तिच्या थोरल्या जावेचा हेवा वाटायचा. हे मी चारचौघांत सांगते, कारण आत्याबाईंनी स्वतः तो कधी लपवला नाही. काही बायका मनात जळतात आणि तोंडावर गोड बोलतात. आमच्या आत्याबाईंचं, चांगुणाबाईंचं, तसलं काही नव्हतं. जावेच्या घरात नवीन वस्तू आली की त्या दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या, "आलं का? येनारच. अक्काचं नशीबच तसं हाय."

अक्का म्हणजे झुंबरबाई. भिंगारमध्ये आमची दोन्ही घरं एका भिंतीची. पलीकडे झुंबरबाई आणि त्यांचे मालक आसाराम, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. अलीकडे आम्ही. माझे सासरे बन्सी हे आसारामांचे धाकटे भाऊ. ते छावणीच्या डेपोत मजूर होते आणि माझ्या लग्नाआधीच वारले. एक भाऊ वर्दीत आणि दुसरा ओझी उचलायला, तिथूनच सगळं सुरू झालं. थोरल्यांकडे कॅन्टीनचा वासाचा साबण, आमच्याकडे बाजारातली वडी. थोरल्यांकडे कुकरच्या शिट्ट्या, आमच्याकडे चुलीचा धूर. त्यांच्या दारातली जाई फुलली तरी आत्याबाई कुरकुरायच्या, की पाणी दोघींना एकाच नळाचं, मग हिचीच कशी फुलती?

एका बाबतीत मात्र आत्याबाई जावेच्या आधी होत्या, आणि नसत्या तर बरं झालं असतं. शहाऐंशी साली त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ती बाजू पार सपाट केली आणि वरून किरणांचे शेक दिले. जीव वाचला. माझा नवरा महेंद्र तेव्हा नुकताच फौजेत भरती होऊन ट्रेनिंगला गेला होता. दवाखान्यात त्यांच्याजवळ बसल्या त्या झुंबरबाईच. त्यांनीच त्यांची वेणी घातली, त्यांनीच भात भरवला.

घरी आल्यावर लोकांना सांगितलं की गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ कुठली, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही कुणी बोललं नव्हतं. एक दिवस दोरीवर टॉवेलच्या आड एक गोल पिशवी वाळत दिसली, मांजरपाटाची, मुठीपेक्षा मोठी. मी विचारलं, "आत्याबाई, हे काय?" त्यांनी ती ओढून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून दार लावून दाखवलं.

त्या पिशवीत मोहऱ्या भरलेल्या असायच्या. पहिल्यांदा कापूस भरून बघितला होता. कापसाला वजन नाही, तो हिंडता-फिरता गळ्यापर्यंत चढायचा. शिवाय एक बाजू जड आणि एक हलकी झाली की खांदा वाकडा होतो, पाठ भरून येते. मग झुंबरबाईंनी मोहऱ्या सुचवल्या. बारीक, गुळगुळीत, वजनाला बऱ्या. चोळीला आतून खिसा, खिशात पिशवी, वर पिन. थंडीत ती पिशवी अशी गार पडायची, की सकाळी चोळी घालताना आत्याबाईंच्या तोंडून हमखास एक शिवी निघायची. पावसाळ्यात मोहऱ्या सर्द व्हायच्या, त्या तव्यावर कोरड्या भाजून परत भरायच्या. माझ्या स्वयंपाकघरात मोहरीचे दोन डबे होते आणि त्यातल्या एकाला मी हात लावायचा नाही, असा कायदा होता.

सगळ्यात मोठी अडचण विहारात व्हायची. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला, जयंतीला बायका पांढरी साडी आणि पांढरी चोळी घालून वंदनेला बसतात. गुडघे टेकून, हात टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा वंदन करायचं. पांढऱ्या चोळीतून पिशवीची कड दिसते, आणि वाकलं की पिशवी खाली लोंबते. म्हणून आत्याबाई मागे भिंतीला टेकून बसायच्या आणि नुसते हात जोडायच्या. एके काळी महिला मंडळात पुढे बसून त्रिशरण म्हणणारी बाई. नव्या पोरी म्हणायच्या, चांगुणाबाईंना वाकायला कमीपणा वाटतो. त्यांनी ते ऐकून घेतलं.

अशी सात वर्षं गेली आणि त्र्याण्णव साली झुंबरबाईंनाही तेच दुखणं निघालं.

खोटं कशाला बोलू, आत्याबाई रडल्या. मनापासून रडल्या. शिदोरी बांधून दिली, जावेला पोटाशी धरलं, म्हणाल्या, "अक्का, भिऊ नको. मी हाय ना जित्ती तुज्यासमोर." थोरल्यांना पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात नेलं. जाताना आत्याबाईंनी त्यांच्यासाठीही एक नवी पिशवी शिवायला घेतली होती. उजव्या बाजूची.

ती पिशवी लागलीच नाही. झुंबरबाई परत आल्या त्या काठी टेकत, कमरेत वाकून, पण दोन्ही बाजूंनी भरलेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीची बाजू काढली आणि त्याच वेळी पोटाचं मांस वर आणून तिथे नवी छाती केली. थोरल्या हे येईल त्याला सांगत सुटल्या. भाजीवाल्याला सुद्धा. "माजं पोट सुटलं हुतं ना, तेच कामाला आलं बग!" असं म्हणून हसायच्या, आणि हसताना टाके ओढले की पोट धरून "आयाया" करायच्या.

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मला कुनी इचारलं न्हाई," एवढंच म्हणाल्या. मी समजावलं, की तुमच्या वेळी तिथं हे करत नसतील. त्या म्हणाल्या, "तिच्या येळंलाच बरं सगळं निघतं."

पहिले काही महिने त्यांना थोडं समाधान मिळालं, हेही सांगते. थोरल्यांना सरळ उभं राहता येईना. कळशी उचलायची मनाई. खाटेवरून उठायचं तर आधी कुशीवर व्हायचं, मग मालकांचा हात धरायचा. आत्याबाई रोज बघायला जायच्या आणि परत येऊन मला सांगायच्या, "काय उपेग त्या सोंगाचा? पोटाची पार शिवन केलीय. साठी उलटल्यावर कुनाला दावायचंय?" पण थंडी सरली तशी थोरल्यांची पाठ सरळ झाली. त्या दारात बसून केस विंचरू लागल्या, पदर कसाही पडलेला. एस.टी.च्या गर्दीत छातीपुढे हात न धरता चढू लागल्या. कुशीवर झोपू लागल्या. नातवाला छातीवर टाकून ओसरीत डुलकी घेऊ लागल्या. आत्याबाई हे सगळं आमच्या खिडकीतून बघायच्या. ते पोर आमच्या घरीही यायचं, पण आत्याबाई त्याला मांडीवर घ्यायच्या, छातीशी कधीच नाही.

एकदा मी थोरल्यांकडे ताक द्यायला गेले, आत्याबाई आधीच तिथे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "जड लागतं का गं?"

"न्हाई. पर कळतच न्हाई तिथं काई. चिमटा काडला तरी समजत न्हाई. आन् बोंडूक न्हाई त्याला, नुसता उंचवटा," थोरल्या म्हणाल्या. मग सहज, भाकरी पुढे करावी तशा म्हणाल्या, "हात लावून बग की. तुज्यापासून काय लपवायचं?"

आत्याबाईंनी हात लावला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "गरम हाय."

"मग? माजंच मांस हाय ते."

आत्याबाई उठून घरी आल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "भारती, मला लई राग आलाय. कुनाचा ते इचारू नको."

मी म्हटलं, "तुम्हालाही करून घ्यायचंय का? महेंद्र फौजेत आहेत, त्यांच्या आईला मिलिटरी दवाखाना लागू आहे. नंतरही करता येतं म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही घाण बोलले. "पोराला काय सांगू? काय तोंडानं सांगू? ईधवा बाई, साठीला आली, आन् म्हन मला छाती करून द्या. थुंकतील लोक."

इच्छा होती, हे तर घराच्या भिंतींनाही कळत होतं. पण तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि त्या बोलल्याशिवाय मी महेंद्रच्या कानावर घालायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती.

चौऱ्याण्णवची बुद्धपौर्णिमा आली. महेंद्र सुट्टीवर आले होते. घराघरांत लोणच्याची गडबड होती. विहारात झुंबरबाई पहिल्या रांगेत बसणार, त्याच त्रिशरण सांगणार, असं मंडळाच्या बायकांनी ठरवलं होतं. आजारातून उठलेली बाई, म्हणून मान. ही बातमी आमच्या घरी आली आणि आत्याबाई ताडकन म्हणाल्या, "मी बी म्होरंच बसनार."

सकाळी त्या खोलीचं दार लावून बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डावी बाजू आज नेहमीपेक्षा मोठी आहे. दोन मोठ्या मुठी मोहऱ्या वर भरल्या होत्या. थोरल्यांच्या तोडीस तोड. उजवी बाजू वयानं उतरलेली, डावी ताठ. मी म्हटलं, "आत्याबाई, कमी करा थोडं." त्या म्हणाल्या, "तू तुजं बग." मांजरपाट जुनं होतं, शिवण मागच्या वर्षीची होती, आणि या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. पण पौर्णिमेच्या दिवशी सासूशी कोण भांडणार?

विहारात सतरंजीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. पुढे बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. थोरल्या पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आत्याबाई. मी त्यांच्या मागे. थोरल्यांनी जावेकडे बघून जागा करून दिली, आत्याबाईंनी मान फिरवली. वंदना सुरू झाली. थोरल्या वाकल्या, कपाळ टेकलं, सहज उठल्या. आत्याबाईही वाकल्या. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा त्या कपाळ टेकून वर उठल्या आणि मला फाटल्याचा बारीकसा आवाज आला. पदराखालून मोहऱ्यांची धार लागली. पांढऱ्या चादरीवर काळ्या मोहऱ्या, थोरल्यांच्या गुडघ्यांपर्यंत पसरत गेल्या.

आत्याबाई झटकन बसल्या आणि पदर आवळून धरला. धार थांबली, पण व्हायचं ते झालं होतं. कुणीतरी म्हातारी किंचाळली, "मोहऱ्या! झुंबरीच्या पायाखाली मोहऱ्या टाकल्या गं कुनी!"

आमच्याकडे कुणाला सांगायला नको, मोहऱ्या कशाला टाकतात ते. दृष्ट काढायला, नाही तर कुणावर करणी करायला. धर्म बदलून इतकी वर्षं झाली, उपास गेले, अंगारे गेले, तरी हे सगळ्यांना पाठ. मागून कुजबुज सुरू झाली. आजारातून उठलेली बाई, तिच्या पायाशी मोहऱ्या, आणि शेजारी कोण बसलंय? हेवा करणारी जाऊ. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांचे डोळे आत्याबाईंकडे वळले.

मच्छिंद्र गुरुजींनी वंदना थांबवली. ते विहाराचे सचिव, आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं दिलेले, आवाज खणखणीत. "बुद्धाच्या विहारात मोहऱ्या? बाबासाहेबांनी या चिखलातून बाहेर काढलं ते काय यासाठी? जिनं हे केलंय तिनं पुढं यावं. त्याशिवाय वंदना होणार नाही."

आत्याबाईंचा हात पदरावर घट्ट होता आणि चेहरा पांढराफटक. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. करणीवाली म्हणवून घ्यायचं, नाही तर आठ वर्षं झाकलेलं सगळ्या समाजापुढे, पोटच्या पोरापुढे उघडं करायचं.

तेवढ्यात झुंबरबाई उठल्या. त्यांना पहिल्या क्षणालाच कळलं असणार. मोहऱ्या सुचवल्या होत्या कुणी? त्या हात जोडून म्हणाल्या, "गुर्जी, माज्या हायत त्या. दुखन्यातून उठले, लोकांची नजर लागती म्हनून पदराला बांदून आनल्या हुत्या. गाठ सुटली. चुकलं माजं."

पुरुषांच्या रांगेत आसारामांनी मान खाली घातली. ते विहाराचे अध्यक्ष. गुरुजी त्यांच्याकडे वळले, "हवालदार, तुमच्याच घरात हे? मग आम्ही बाकीच्यांना काय शिकवायचं?" थोरल्या तशाच हात जोडून उभ्या राहिल्या. जावेकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, "चला, हळूच निघू." वाटलं, आता या रडतील, सुटले म्हणतील. त्यांनी दात खाल्ले. मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आता ह्याच्यातबी हीच म्होरं व्हय?"

आणि उठल्या.

"खाली बस अक्का," त्या म्हणाल्या. "लई मोठी होऊ नको." मग पदराच्या आत हात घालून ती फाटकी पिशवी काढली आणि चादरीवर टाकली. "मोहऱ्या माज्या हायत, गुर्जी. दिष्ट न्हाई आन् करनी न्हाई. मला डावी बाजू न्हाई. आठ वर्सं मी हितं मोहऱ्या बांदून हिंडती. वाकलं की सांडत्यात, म्हनून मी वाकत न्हवते. गर्व न्हवता मला."

पदर डाव्या बाजूला सपाट पडला होता आणि या वेळी त्यांनी तो सारखा केला नाही. गुरुजींनी नजर खाली वळवली आणि काही तरी पुटपुटले, बहुतेक माफी. आत्याबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पुरुषांच्या रांगांत महेंद्रला शोधत होत्या.

"महेंद्र, ऐकलंस ना? मला पुन्याला ने. अक्काला केलं तसं मला पायजे."

महेंद्र उठून उभे राहिले, सावधानमध्ये उभे राहावं तसे. म्हणाले, "नेतो."

पुढे चार दिवस लोकांनी तोंडाला येईल ते म्हटलं, त्यात "या वयात कशाला" हे सगळ्यांनी म्हटलं. माझ्या आईनंही म्हटलं. मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं, तेही सांगून टाकते. वर्षातून एकदा नवरा घरी येणार आणि त्याची निम्मी सुट्टी आईच्या छातीपायी पुण्याला जाणार. मी डबा बांधताना भांडी आपटली. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आपट. मला सवय हाय हेव्याची." मी मुकाट्यानं सोबत गेले.

झुंबरबाईही निघाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "तुजं काय काम?" त्या म्हणाल्या, "वार्ड कुठं हाय ते तुला ठाव हाय का?" एस.टी.त दोघी एका बाकावर बसल्या आणि शिरूरपर्यंत बोलल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या दिसत होत्या, केस बारीक कापलेले, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, पोट दाबून बघितलं, सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन मोठं आहे. कित्येक महिने वाकून चालावं लागेल. जड उचलायचं नाही. तिथे स्पर्श कळणार नाही. मग कागद-पेन घेऊन, खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, मी सगळ्यांनाच विचारते. आठ वर्षं तुम्ही याच्याशिवाय काढलीत. आता का हवंय?"

आत्याबाईंनी भिंतीशी बसलेल्या झुंबरबाईंकडे बोट केलं. "हिला इचारलं हुतं का?"

"विचारलं होतं."

"काय म्हनली ही?"

डॉक्टरीणबाईंना आठवत असावं, त्यांनी थोरल्यांकडे बघितलं. थोरल्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ऱ्हाऊ दे ना चांगुना."

"सांग. काय म्हनलीस?"

"मी म्हनले," झुंबरबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माज्या जावंला मी इतकी वर्सं बगितलंय. नातू छातीशी घेत न्हाई ती. विहारात भिताडाला बसती. शेजारी निजले तरी कूस बदलत न्हाई. मी म्हनले, डाक्टरीनबाई, मरन आलं तर येऊ द्या, पर मला तसं जगायला लावू नका."

मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. उभ्या जन्मात त्यांना जावेचं सगळं हवं होतं, आणि जाऊ मात्र त्यांच्याकडे बघून भीत होती.

आत्याबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. आवाजात राग होता तो होताच.

"मग लिवा," त्या म्हणाल्या. "मलाबी तसं जगायचं न्हाई."